पोवळ्याची फांदी

मस्कतला कामाला असलेला नरसिंग सुट्टीत औरादला आला, तेव्हा आईसाठी पोवळ्याची पांढरी, वाळकी फांदी घेऊन आला. "समुद्रात ह्याचा तुकडा मोडून दगडाला बांधला तरी वाढतंय बग," असं सहज बोलून तो परत गेला.

इंदिराबाईंनी ते मनावर घेतलं. लोणच्याची काचेची बरणी घासली, बाजारातून खडेमीठ आणलं, फांदी सुतळीनं दगडाला बांधून खाऱ्या पाण्यात सोडली आणि बरणी खिडकीतल्या उन्हात ठेवली.

पलीकडच्या गल्लीतल्या सरुबाई रोज दुपारी बघायला यायच्या.

"फुटलं का वो, अक्का?"

"न्हाई अजून. परक्या पाण्यात रुजायला येळ लागतोय की."

"फुटल्यावर मला एक फांदी द्या बरं."

"कामून न्हाई? पयली तुमालाच."

मग चहा व्हायचा. नरसिंगच्या लहानपणीच्या त्याच त्या गोष्टी निघायच्या, आणि बरणीवरचं ऊन सरेपर्यंत सरुबाई त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकायच्या. दुपार कलायच्या आधीच इंदिराबाई आता दोन कप धुऊन ठेवू लागल्या होत्या.



सरुबाईंच्या घरी कोनाड्यात अशीच एक फांदी पडून होती, त्यांच्या लेकानं दिलेली. त्यांनीही बरणी, मीठ, सुतळी सगळं करून पाहिलं होतं, पण तेव्हा "फुटलं का" म्हणून विचारायला कुणीच आलं नव्हतं.