जुनं सील

१९८४ साल होतं. सकाळी साडेदहाला सून जुन्या व्हॅनखाली उताणी पडली होती. पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, मागच्या चाकांना विटांची अडण. नवऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तो पुढची जाळी काढून आत बघत सांगत होता, ती करत होती. गाडीही तीच चालवणार होती.

इंजिनातलं ऑइल अंगणात सांडलं होतं. ते अडवणारं पुढचं रबरी सील गेलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, परवा या. सात वर्षांच्या मुलीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आज चारच्या आत दाखल करायचं होतं. शहर तीन तासांवर, एकुलती बस पहाटेच गेलेली. ही तारीख आठ महिन्यांनी मिळाली होती. पुढच्या तारखेपर्यंत नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले नव्हते.

जुनं सील अख्खं निघालं. नवं तिने चाचपतच जागेवर ठेवलं. तिथून तिला ते धड दिसत नव्हतं.

"हलक्या हाताने ठोक. डावीकडे वर राहिलंय."

तिने डावीकडे ठोकलं.

"अगं, डावीकडे!"

तिने जोरात ठोकलं. दोघं समोरासमोर होती. त्याचं डावं ते तिचं उजवं. हे लक्षात आलं तोवर सीलची कड पार मुडपली होती. दुकानात तेवढं एकच होतं.

"ऊठ आता," तो हळूच म्हणाला.

"उठून काय करू, सांग ना!"

ती तशीच पडून राहिली. गालावर ऑइलचा थेंब पडला, तोही तिने पुसला नाही.

सासूबाई लोकांचे कपडे शिवायच्या. गळ्यात टेप तशीच ठेवून त्या बाहेर आल्या. त्यांनी जुनं सील उचलून फिरवून पाहिलं. आतल्या खाचेत बारीक स्प्रिंगचं कडं होतं.

"आई, ते तुझं काम नाही."

"रबर धड आहे रे. आवळणारं सैल झालंय. इलॅस्टिक सैल झालं की चड्डी फेकून देतोस का?"

त्यांनी सुईने स्प्रिंग काढली, टोकं सोडवली, एका टोकाचा गव्हाएवढा तुकडा कापला. टोकं परत एकमेकांत पिळून कडं खाचेत बसवलं. मग सील गाडीखाली सरकवलं.

"सावकाश ठोक, सूनबाई. आणि ह्याचं ऐकू नकोस."

या वेळी सील सरळ बसलं. नवं ऑइल ओतून पाऊण वाजता निघाले. ती दर अर्ध्या तासाने गाडी थांबवून खाली वाकून बघत होती. पोचले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती.

व्हॅन दोन वर्षांनी भंगारात गेली. सासूबाई त्यानंतर चार वर्षांनी गेल्या, शिवणाच्या खुर्चीतच. नवरा प्लास्टरमधल्या हाताची तक्रार जन्मभर करत राहिला. त्यालाही जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी परदेशात असते, रविवारी फोनवर चेहरा दाखवते. परवा बोलता बोलता थांबून म्हणाली, "आई, तुझ्या हनुवटीवर एक पांढरा केस आलाय. काढ तो."

आई आरसा घेऊन खिडकीपाशी गेली. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. तिला काही तो केस दिसला नाही.