खडूची खूण

तुटलेला धागा कॅमेऱ्याखालून निघून गेला आणि दिवा हिरवाच राहिला.

जयश्रीने तोच तागा पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही हिरवा. कापडातले दोष ओळखणाऱ्या या यंत्राच्या प्रसिद्धीचं काम तिच्याकडे होतं, आणि तासाभरात पत्रकार काशिनाथ ते पाहायला येणार होता. एके काळी तिची प्रसिद्धिपत्रकं तो दैनिकातल्या तंत्रज्ञानाच्या पानावर जशीच्या तशी छापायचा. ते पान बंद झालं. आता त्याची स्वतःची वाहिनी होती, आणि सुरतचे कारखानदार यंत्र घेण्याआधी त्याचं मत ऐकत. या वेळी तिचं पत्रक एका ओळीसह परत आलं होतं, आणि अशा उत्तराची तिला सवय नव्हती: ‘पत्रक नको. कापड मी आणतो.’

म्हणूनच सकाळी तिने बाजारातून हा अनोळखी तागा आणला होता.

“मॅडम, हा काहून लावून राहिल्या?” नितीन म्हणाला. यंत्र त्याचं होतं. चार वर्षांचं आयुष्य त्यात विणलेलं होतं. “आपला लावा ना.”

तिने त्याचा तागा लावला. प्रत्येक दोषावर दिवा लाल झाला.

“पाहा! आता काशिनाथसरांनी त्यांच्या कापडाची पिशवी उघडू नये, एवढं तुम्ही गोड बोलून पाहा. तेच तर तुमचं काम.”

जयश्री कापडावर वाकली होती. प्रत्येक दोषाशेजारी नखाएवढी एक पांढरी खूण होती. खडूची.

“याला शिकवायला फोटो कुठून घेतले?”

“कडोदऱ्याच्या एका कारखान्यातून. तपासून झालेल्या कापडाचे.”

तिने टेबलावरचा खडू उचलला. निर्दोष कापडावर, जवळजवळ न पाहता, तशीच खूण काढली. तिच्या हाताला ती पाठ होती.

दिवा लाल झाला.

नितीन स्टुलावर बसला. “म्हणजे याला दोष दिसतच नाही.”

“खूण दिसते.”

“मॅडम, आजचा दिवस सांभाळा. नाहीतर एकही कारखाना दारात उभं करणार नाही.”

सांभाळायचे शब्द तिच्यापाशी होते. बारा वर्षं तिने तेच विकले होते. आज मात्र ते बोटांना लागलेल्या भुकटीसारखे वाटले: पांढरे, हलके, कशालाही न चिकटणारे.

काशिनाथ आला. खांद्यावर कापडाची पिशवी. तो ती उघडणार इतक्यात जयश्री म्हणाली, “सर, पिशवी राहू द्या. हे कुठे चुकतं, ते आधी मीच दाखवते.”

तिने सगळं दाखवलं. तुटलेला धागा, हिरवा दिवा. निर्दोष कापड, खडू, लाल दिवा. नितीन खिडकीबाहेर पाहत राहिला.

काशिनाथ हसला.

“ताई, आम्ही तरी इतकी वर्षं वेगळं काय केलं? कापड कधी पाहिलं? तुम्ही खडू माराल तिथे लाल दिवा लावत आलो.” त्याने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. “पहिल्यापासून पुन्हा दाखवा. बातमी यातच आहे. आणि नितीन, महिन्याभराने मी परत येतो. तेव्हा खडू नको.”

नितीनने मान वळवली. “पण याला बिनखडूचं शिकवणार कोण?”

जयश्रीने फोन लावला. पलीकडे यंत्रमागांची खडखड होती, आणि तीतून वाट काढत आलेला तिच्या आईचा, धुरपदाबाईंचा आवाज. वीस वर्षं कडोदऱ्यात त्या तळवा फिरवून कापड तपासत होत्या, आणि दोष सापडला की शेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढत होत्या. त्यांना तेवढं एकच येत होतं.

“माय, आठे एक यंत्र शे. तुना ‘ध’ वाचस ते. बाकी काहीच नही.”

खडखडीत क्षणभर हसू मिसळलं.

“घेई ये त्याले आठे, मनाजोडे. आते कापड वाचाले शिकाडसू.”