साय

परवीन सिस्टरने गार्गीच्या आणि तिच्या बाळाच्या रक्ताचा एकेक थेंब यंत्राला लावला. "बाळाच्या मेंदूत स्निग्धांश छान भरतोय," पडद्याकडे बघत ती म्हणाली. गार्गीच्या मेंदूचा घसरलेला आकडा मात्र तिने नुसताच वहीत टिपला.

बाळ जन्मलं तेच मज्जातंतूंवर चरबीचं आवरण नसलेलं. इंजेक्शन दिलं की आईच्या मेंदूतली चरबी सुटून दुधात उतरायची. वॉर्डात त्या चरबीला सगळे साय म्हणत. नियम एकच होता, दर वेळी आईने स्वतः हो म्हणायचं. एकदा नाही म्हटलं की उपचार बंद, आणि मग बाळ जगणार नव्हतं.

"कुणाचं हो हे?" बाळाकडे बघत गार्गीने विचारलं.

तिची आई प्रमिलाबाई उशाशीच बसल्या होत्या. नात त्यांना हवीच होती, पण लेक डोळ्यांदेखत संपत चालली होती. सिस्टर तोंड उघडायच्या आत त्या बोलून गेल्या, "शेजारच्या खाटेवरचं आहे. तुझं नाही. तू नाही म्हण, कुणी काही बोलणार नाही."

सिस्टरने मान खाली घातली.

"शेजारचं का असेना," गार्गी म्हणाली, "भुकेलंय ना? द्या इकडे." तिने इंजेक्शनसाठी दंड पुढे केला, मग बाळाला छातीशी धरून ओढणी ओढून घेतली. बाळ चुटूचुटू प्यायला लागलं.

प्रमिलाबाई डोळ्यांना पदर लावत उठल्या. गार्गीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून खाटेवर जागा करून दिली.

"बसा ना मावशी. रडू नका. तुमचं कोण आहे इथं ॲडमिट?"