वाटाण्याएवढी

आईला काही टाकवत म्हणून नसे. सुतळीचे तुकडे, सुट्टी बटणं, झाकण हरवलेल्या बरण्या, सगळ्यांवर पालुपद एकच: "असू दे गं, कधीतरी उपयोगी पडेल." थायरॉइडच्या कॅन्सरची वाटाण्याएवढी गाठ गळ्यातून काढली, तीही तिने डॉक्टरांना अभ्यासासाठी ठेवून घ्यायला लावली.

"आता गाठसुद्धा जपायची का?" लेक वैतागली होती.

एवढीशी गाठ, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. ती कधीच पसरली होती. आई गेली.

पुढे बारा वर्षांनी लेकीच्याही गळ्यात तेवढीच गाठ निघाली. यावेळी मात्र त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सुईने नमुना घेऊन त्यातले मार्कर, म्हणजे गाठ पसरेल की नाही ते सांगणाऱ्या खुणा, तपासले. "लहान आहे, पण पसरणाऱ्यातली आहे. थांबायचं नाही," म्हणाल्या. ऑपरेशन वेळेत झालं.

"तुमचे उपकार कसे फेडू?" लेकीने हात जोडले.

"माझे कसले? कुठली गाठ पसरते, ते आम्हाला जुन्या पेशंटांच्या ठेवलेल्या गाठींनी शिकवलं. तुमच्या आईंचीही आहे त्यांत."

लेकीचा हात गळ्यावरच्या टाक्यांकडे गेला.

"तुमच्या गाठीचं काय करू?" बाईंनी हळूच विचारलं.

"असू द्या हो," डोळे पुसत ती म्हणाली, "कधीतरी उपयोगी पडेल."