दारातली मिठी

लहानपणी बाबा छापखान्यातून घरी आले, की आई मला दाराकडे पिटाळायची. "जा, बाबांना मिठी मार."

मी त्यांच्या मानेत नाक खुपसायची आणि शाईच्या वासाखाली तो दुसरा वास येतोय का, ते बघायची. नसला, तर "आई, भूक लागली" म्हणून ओरडायचं. असला, तर "आई, माझा अभ्यास राहिलाय." आमचं मायलेकींचं तसं ठरलेलंच होतं. मग आई निमूटपणे आमची दोघींची ताटं आतल्या खोलीत न्यायची आणि कडी लावून घ्यायची. बिचाऱ्या बाबांना शेवटपर्यंत वाटायचं, पोरीचा आपल्यावर फार जीव आहे. होताच की, तीच तर पंचाईत होती.

बाबा त्यातच गेले. आई आता माझ्याकडे असते. मी नर्स आहे, ड्रेसिंगच्या खोलीत. अंगाला दिवसभर स्पिरिटचा वास येतो, त्यामुळे घरात कुणाला काही कळायचा प्रश्नच नाही, असं मी धरून चालले होते.

आज ड्यूटीवरून आले, तर चप्पल काढायच्या आत सात वर्षांची लेक धावत येऊन गळ्यात पडली. माझ्या मानेत नाक खुपसून जरा जास्तच वेळ बिलगून राहिली. दिवसभराचा शीण उतरला माझा.

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ती ओरडली,


"आजी, माझा अभ्यास राहिलाय!"