समोरची जागा

बोटीतून उतरून चार दिवस झाले, तरी सिंधूच्या पायांखालची जमीन अजून मंद हलत होती. चुलीपुढे बसलं की थांबायची, उभं राहिलं की पुन्हा सुरू व्हायची.

सारंगखेड्याच्या घरात दुपारची ताटं वाढली होती. जेवायला दोघंच होते, तिचा नवरा चुनीलाल आणि धाकटा दीर नवल. दारापाशी पाटावर सासू दगूबाई बसल्या होत्या. थोरली जाऊ फुलवंताबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती आणि सिंधू वाढत होती. वांग्याचं भरीत, भाकरी, ठेचा. इटली आणि स्वित्झर्लंड पाहून आलेल्या माणसाला आधी भाकरीच द्यायला हवी, असं दगूबाईंचं मत होतं.

"काय काय खादं रे चुनी, सांग तरी," त्या म्हणाल्या.

चुनीलाल सांगू लागला. सिंधूचा भाऊ तिकडे नोकरीला होता, त्यानेच दोघांना तिकिटं पाठवून बोलावून घेतलं होतं. इटलीत मक्याच्या पिठाचा पिवळा घाटा खाल्ला, लाकडी फळीवर ओतून दोऱ्याने कापलेला. हिरव्या पिस्त्याचा बर्फ खाल्ला. स्वित्झर्लंडमध्ये एका मोठ्या तळ्याकाठी उकडलेले बटाटे, त्यांच्यावर वितळलेलं चीज.

"घाटाच खावाना व्हता तं इतलं दूर कसाले गयात?" नवल म्हणाला.

"अन् तुम्हले वाढे कोन?" फुलवंताबाईने चुलीपासून विचारलं.

"मानूसच वाढे. काळा कोट घालीसन."

"मानूस वाढे? मंग तठेच ऱ्हावानं व्हतं नं, सिंधू! आठे कसाले उनी?"

सगळे हसले. सिंधूही हसली.

"अन् हाई?" दगूबाईंनी सिंधूकडे बोट करत मुलाला विचारलं. "हाई मांगून जेवे का?"

सिंधूची पळी भरताच्या पातेल्यात थांबली.

इटलीतल्या पहिल्या खानावळीत ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली होती, त्याला काय लागेल ते पाहत. कोटवाल्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. तिला वाटलं, दुसरं कोणी येणार आहे, म्हणून ती बाजूला सरकली. त्याने तीनदा ओढली. शेवटी चुनीलाल मागे न बघता म्हणाला, "बठ. लोके देखी ऱ्हायनात." ती खुर्चीच्या कडेवर बसली. दोघांच्या मध्ये जेमतेम दोन हात रुंदीचं टेबल. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि त्याला जेवताना समोरून तिने कधी पाहिलं नव्हतं. तो फक्त डाव्या बाजूने चावायचा. घास गरम लागला की एक डोळा मिटायचा.

टेबलावर एकच पाव होता, कडक सालीचा. त्याने तो दोन्ही हातांनी मोडला. तुकडे सारखे झाले नाहीत. मोठा त्याने तिच्याकडे सरकवला.

पुढे बावीस दिवस तसंच. स्वित्झर्लंडमध्ये सकाळी कॉफीच्या वाफेने खिडकीची काच धुरकट व्हायची. तो तळहाताने तिच्यापुढच्या काचेवर एक गोल पुसायचा, आणि त्या गोलात पलीकडचा डोंगर यायचा. मग पाव मोडायचा.

परतीच्या बोटीवर तिला एकच काळजी होती. ते टेबल तिकडेच राहणार का? विचारायची हिंमत झाली नाही. घरी आल्यापासून ती फुलवंताबाईबरोबर मागून जेवत होती, आणि तो त्याविषयी एक अक्षर बोलला नव्हता.

आताही चुनीलालने मान वर केली नाही. "हां," तो म्हणाला. "मांगूनच."

सिंधूने भरीत वाढलं. ताटात जरा जास्तच पडलं.

"अन् ते तळं?" दगूबाईंनी विचारलं. "आपली तापीथून मोठं?"

"तापी वाहस, माय. ते वाहत नही." चुनीलालचा आवाज हळू झाला. "सकाये पानीवर धुकं ऱ्हास. डोंगर खालथून दिसतच नही. वरे नुसता बरफ. जसा कोनी टांगी ठेयेल शे."

त्याची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिथे पाण्याचे हंडे होते. छपराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात चुलीचा धूर शिरला आणि तिथेच रेंगाळला. नवलने पाण्याचा तांब्या हातातच धरून ठेवला होता.

फुलवंताबाईने चुनीलालच्या ताटात गरम भाकरी टाकली. त्याने ती भिंतीकडे पाहतच उचलली, दोन्ही हातांनी मोडली. तुकडे सारखे झाले नाहीत. मोठा त्याने समोर धरला.

समोर कोणी नव्हतं.

हात ताटापलीकडे तसाच राहिला. भाकरीतून वाफ निघत होती. नवलने तांब्या खाली ठेवला. मग चुनीलालच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले, पण हात मागे येईना.

दगूबाईंनी तो हात पाहिला. मग पळी धरून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, बराच वेळ.

"धर नं माय," त्या म्हणाल्या. "त्यान्हा हात दुखी जाई."

सिंधू जागची हलली नाही.

तेव्हा दगूबाई दाराची चौकट धरून उठल्या आणि त्यांनी आपल्याखालचा पाट पायाने लोटला. सारवलेल्या जमिनीवरून तो हळू घसरत आला, आणि बोट काठाला लागावी तसा चुनीलालच्या समोर थांबला.