चौकटीवरचा रंग

पनवेलच्या गॅरेजात वहाबने ती जुनी अमेरिकन मसल कार पुन्हा उभी केली होती. कंपनीने अशा मोजक्याच काढलेल्या, म्हणून मूळचा गडद हिरवा रंगही त्याने हट्टाने जुळवून आणला. एका जागी मात्र तो टिकेना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, उजव्या हाताला, दोन बोटांएवढा रंग रोज सकाळी झिजलेला असायचा आणि खालचा पत्रा दिसायचा.

वहाबने पेंटरला झापलं. मग स्वतः रंग लावला. तोही झिजला.

गाडी एलियासांची. ते वारल्यावर मुलीने, तालीने, ती एका हौशी माणसाला विकली. गाडी न्यायच्या दिवशी तीही आली आणि त्या जागेवरून तिने बोट फिरवलं.

"आम्हा ज्यूंच्या दाराला मेझुझा असतो, प्रार्थनेची छोटी डबी," ती म्हणाली. "आत शिरताना तिला बोटं लावतात. बाबांचा हात सवयीने इथेही जायचा. कुणाच्याही घरी गेले तरी चौकटीला बोटं लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत."

दुपारी गाडी गेली. वहाबला हायसं वाटलं.

तो ओवे गावातल्या घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. ईदसाठी नुकत्याच रंगवलेल्या चौकटीवर, उजव्या हाताला, दोन बोटांएवढं लाकूड उघडं पडलं होतं.

आतून बायकोचा, अस्माचा आवाज आला.

"आलात का? तुमचे पाहुणे केव्हाचे येऊन बसलेत."